भरतीच्या पोराचं वेळापत्रक त्याच्या बापाला लागू नाही: आपल्या शरीराप्रमाणे व्यायाम ठरवण्याची रीत

पहाटे साडेपाचला आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या मैदानावर बरीच माणसं असतात. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी, साखर निघाल्यावर डॉक्टरांनी 'रोज फिरा' म्हणून सांगितलेले काका, गुडघ्यावर हात ठेवून चालणाऱ्या आजी. अडचण अशी की सगळे एकमेकांचं बघून करतात. पोरगा सोळाशे मीटर जीव तोडून पळतो, म्हणून पंचेचाळिशीतला बापही त्याच्यामागे पळतो. एक काका सकाळी उपाशीपोटी फिरतात, म्हणून इन्सुलिन घेणारे शेजारचे भाऊही उपाशीच निघतात. तीन आठवड्यांत कोणाची नडगी दुखते, कोणाला घेरी येते, आणि 'मले व्यायाम सोसत नाही' म्हणत माणूस घरी बसतो. बहुतेकांना व्यायाम सोसतो. सोसत नाही तो दुसऱ्याच्या मापाचा व्यायाम.

खालचे टप्पे याच क्रमाने करा. पहिले दोन टप्पे कंटाळवाणे वाटतात म्हणून लोक थेट चौथ्यावर उडी मारतात, आणि सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात.

१. मैदानावर जाण्याआधी चार तपासण्या

गावच्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात या चारही गोष्टींची सुरुवात होते: रक्तदाब, रक्तातली साखर, हिमोग्लोबिन आणि सिकलसेल. आशाताईंना विचारलं तर तपासणीचा दिवस कळतो.

रक्तदाब १८०/११० किंवा त्याहून वर असेल तर व्यायाम सुरू करू नका, आधी डॉक्टर गाठा. चाळिशी ओलांडली असून साखर किंवा रक्तदाब आहे, तंबाखू-खर्रा चालू आहे, किंवा चढावर छातीत दाटून येतं, अशांनी पळण्याआधी डॉक्टरांना दाखवलंच पाहिजे. साधं चालायला मात्र बहुतेकांना थांबायची गरज नसते.

हिमोग्लोबिन बाईचं १२ च्या खाली आणि पुरुषाचं १३ च्या खाली असेल तर त्याला रक्त कमी म्हणतात. फुप्फुसातला प्राणवायू पायांपर्यंत नेतं ते हिमोग्लोबिन. ते कमी असलं की कितीही सराव केला तरी दम वाढत नाही. आमच्याकडे एक पोरगी चार महिने घाम गाळूनही आठशे मीटरला तिथल्या तिथेच होती. तिचं हिमोग्लोबिन निघालं ८. लोहाच्या गोळ्या सुरू केल्या, सराव तोच ठेवला, आणि मग कुठे वेळ कमी व्हायला लागली. गोळी चहासोबत घेऊ नका, लिंबूपाण्यासोबत घ्या. चहाने लोह अंगी लागत नाही.

सिकलसेलवर मी जास्त बोलणार आहे, कारण आपल्या विदर्भात हा आजार घरोघर ऐकू येतो आणि मैदानावर मात्र कोणी त्याचं नाव काढत नाही. अहवालात दोन गोष्टी असतात. 'एसएस' म्हणजे प्रत्यक्ष आजार, 'एएस' म्हणजे वाहक. एसएस असलेल्या माणसाने डॉक्टरांना विचारूनच व्यायाम करावा. त्याच्यासाठी हळू चालणं, थकण्याआधी थांबणं, भरपूर पाणी आणि अंगाला थंडीचा किंवा उन्हाचा एकदम झटका न बसू देणं, एवढं पुरे. एएस माणूस एरवी ठणठणीत असतो, पळू शकतो, भरतीची तयारीही करू शकतो. पण ऊन, अंगातलं पाणी कमी, आणि त्यात एकदम जीव तोडून धावणं या तीन गोष्टी एकत्र आल्या तर त्याच्या रक्तातल्या पेशी आकार बदलू शकतात, आणि तो कोसळू शकतो. म्हणून एएस असलेल्याने सराव हळूहळू वाढवावा, दोन वेगवान धावांच्या मध्ये पूर्ण दम घ्यावा, आणि ताप असेल त्या दिवशी पळूच नये.

सावध: एएस पोराच्या मांड्या आणि कंबर एकदम गळाली, पाय उचलेना, तर 'गोळा आला, चोळून टाका, अजून दोन फेऱ्या मार' असं म्हणू नका. त्याला सावलीत आडवं करा, शुद्धीत असेल तर पाणी द्या आणि १०८ ला फोन लावा. ही लाजायची गोष्ट नाही. सोबत पळणाऱ्याला आपला अहवाल आधीच सांगून ठेवा.

२. आज आपण कुठे आहोत ते वहीत लिहा

एक दोनशेपानी वही घ्या. मोबाइलमध्ये लिहिलेलं कोणी परत बघत नाही, असा माझा अनुभव आहे.

सकाळी उठल्यावर, चहाआधी, बसूनच मनगटावर नाडी मोजा. पूर्ण एक मिनिट. तीन सकाळी मोजून सरासरी लिहा. सराव लागू पडला की हा आकडा काही आठवड्यांत खाली येतो, कारण हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकायला लागतं. एखाद्या सकाळी तो नेहमीपेक्षा आठ-दहाने वर असेल, तर झोप अपुरी आहे, ताप येतोय किंवा आदल्या दिवशी जास्त झालं आहे. त्या दिवशी फक्त चाला.

पळणाऱ्यांनी आठशे मीटर किंवा सोळाशे मीटरची वेळ एकदाच, जीव न तोडता, लिहावी. चालणाऱ्यांनी १२ मिनिटांत किती अंतर झालं ते लिहावं. साठीच्या पुढच्यांनी खुर्चीची परीक्षा घ्यावी: भिंतीला टेकवलेली खुर्ची, हात छातीवर, ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. ६५ ते ६९ वयात पुरुषाला १२ आणि बाईला ११ पेक्षा कमी जमलं तर मांड्या कमजोर आहेत आणि पडण्याचा धोका आहे असं समजा. कंबरेचा घेरही लिहा. वजनापेक्षा तो जास्त खरं बोलतो.

तपासणी: मैदान टेपने मोजलंय का? आमच्या मैदानाची दोनशेची फेरी प्रत्यक्षात १९० मीटर निघाली. आठ फेऱ्यांत ८० मीटर, म्हणजे भरतीच्या वेगाने जवळपास १५ सेकंदांचा फरक. पोरं खूश होती, आणि प्रत्यक्ष भरतीच्या मैदानावर त्यांचे गुण गेले. जमिनीच्या मोजणीचा टेप गावात कोणाकडे तरी असतोच.

३. वेळ, वाट आणि पाणी

मार्च ते जून, सकाळी सात वाजता व्यायाम संपलेला असावा. पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा संध्याकाळी सहालाही जमीन तापलेली असते. उन्हाची सवय शरीराला होते, पण त्याला १० ते १४ दिवस लागतात. तेवढ्यात घाम लवकर सुटायला लागतो आणि त्यातून मीठ कमी जातं. पुण्या-नाशिकला क्लास करून मे महिन्यात घरी आलेल्या पोराने पहिले दोन आठवडे निम्माच सराव करावा.

पाण्याचा साधा हिशेब: पळण्याआधी आणि नंतर वजन करा. एक किलो कमी झालं म्हणजे साधारण एक लिटर पाणी गेलं. तासाभराच्या आत साधं पाणी पुरतं. त्यापेक्षा जास्त वेळ घाम निघाला तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ अंदाजाने टाकू नका.

वाटेचं म्हणाल तर, ऑगस्ट ते ऑक्टोबर कपाशीवर फवारणी चालू असते. धापा टाकत धुऱ्याच्या कडेने पळताना ते औषध खोलवर आत जातं, म्हणून त्या दिवसांत वाट बदला. पांदणीने अंधारात जात असाल तर टॉर्च आणि बूट. पावसाळ्यात साप वाटेवरच असतो.

सावध: उन्हात पळताना माणूस असंबद्ध बोलायला लागला, अडखळला, अंग भट्टीसारखं तापलं, तर तो उष्माघात समजा. आधी गार करा, मग गाडी बघा: सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगभर पाणी ओता, वारा घाला, १०८ लावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

४. पहिले चार आठवडे: सगळ्यांसाठी सारखे, आणि मुद्दाम सोपे

इथे पोरं माझ्यावर चिडतात. त्यांना पहिल्या दिवशी घड्याळ लावायचं असतं. कारण समजून घ्या. सरावाने दम दोन-तीन आठवड्यांत वाढलेला जाणवतो. पहिल्या महिन्यात ताकदही वाढते, पण ती स्नायू फुगल्याने नाही. मेंदू आणि नसा त्याच स्नायूंना नीट कामाला लावायला शिकतात म्हणून. हाडं आणि स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या मात्र फार सावकाश घट्ट होतात, त्यांना महिने लागतात. दम म्हणतो 'पळ', नडगी म्हणते 'थांब'. नडगीचं कोणी ऐकत नाही, आणि दुसऱ्या महिन्यात हाडाला बारीक चीर जाते.

क्रम असा ठेवा. आधी ८ ते १० मिनिटं चाल आणि हळूहळू वेग. मग मुख्य भाग. शेवटी पाच मिनिटं चालत नाडी खाली आणा, एकदम थांबून खाली बसू नका. ताणाचे व्यायाम शेवटी, अंग गरम असताना.

वेग ओळखायला घड्याळ नको. चालता-पळता एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येऊ नये. गाणं म्हणता येत असेल तर वेग वाढवा. दोन शब्दांवर धाप लागत असेल तर कमी करा. पहिला महिना सगळा याच वेगात, आठवड्यातून चार-पाच दिवस. अगदीच सवय नसेल तर पहिला आठवडा रोज १० मिनिटांचा.

तपासणी: नडगीवर बोट दाबून बघा. पूर्ण नडगीभर दुखत असेल तर दोन-तीन दिवस पळणं बंद, सायकल चालू. एकाच रुपयाएवढ्या जागी कळ येत असेल आणि रात्री झोपेतही दुखत असेल, तर हाडाला चीर असू शकते. डॉक्टरांना दाखवा. पट्टी बांधून पळू नका.

५. आता वाटा वेगळ्या होतात

भरतीची पोरं-पोरी. मैदानी चाचणी ५० गुणांची. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक. १६०० ला पूर्ण गुण हवेत तर ५ मिनिटं १० सेकंद, म्हणजे चारशेची फेरी साडेसत्त्याहत्तर सेकंदांत. सगळ्यात मोठी चूक: रोज घड्याळ लावून पूर्ण सोळाशे पळणं. त्याने रोज थकवा साठतो आणि वेळ एका जागी अडकते. आठवडा असा करा: तीन दिवस बोलत पळता येईल असं सावकाश २० ते ४० मिनिटं; एक दिवस ४०० मीटरच्या चार वेगवान फेऱ्या, मध्ये दोन-तीन मिनिटं चालून दम; एक दिवस बैठका, दंड, पोटाचे व्यायाम आणि गोळ्याचं तंत्र; एक दिवस १०० मीटरचा सराव, पूर्ण विश्रांती देऊन; एक दिवस सुट्टी. घड्याळावर पूर्ण सोळाशे दोन-तीन आठवड्यांतून एकदाच. चाचणीच्या आधीच्या आठवड्यात अंतर निम्मं करा. त्या आठवड्यात नवीन काही कमावता येत नाही, फक्त थकवा उतरतो.

मुलींसाठी वेगळं: पाळीच्या दिवसांत पळायला हरकत नाही, त्रास होत असेल तर कमी करा. पण सरावामुळे पाळी सलग तीन महिने आली नाही, तर खाणं कमी पडतंय, आणि हाडं झिजायला सुरुवात होऊ शकते. 'बरं झालं, कटकट गेली' असं म्हणू नका, दाखवा.

खाण्याबद्दल एकच. डब्यातली पावडर नसली तरी चालतं. भाकर-वरण, भिजवलेले चणे, शेंगदाणे, अंडी, आणि आपल्याच वावरातलं सोयाबीन आहे. सोयाबीन मात्र नीट शिजवूनच, भिजवून कच्चं खाऊ नका, पचत नाही. भरतीआधी कोणी 'ताकदीचं इंजेक्शन' देतो म्हणाला तर त्याच्यापासून लांब राहा. हृदय आणि यकृत यांची किंमत देऊन घेतलेले ते चार सेकंद असतात.

वावरात राबणारे. 'दिसभर राबतो, आता आनखी कायले पयू?' हा प्रश्न रास्त आहे, त्याला 'आळस' म्हणू नका. डवरणीच्या, सोंगणीच्या दिवसांत त्यांना पळायची गरज नाहीच, झोप आणि पोटभर जेवण हवं. पण राबणं आणि व्यायाम यांत फरक आहे. कापूस वेचणारी बाई ओटीत ओझं घेऊन सात-आठ तास वाकलेली असते. तिकडे झाडीपट्टीत धानाच्या रोवणीतही तेच, वर पाय चिखलात. तेच स्नायू, त्याच दिशेने, विश्रांतीशिवाय. कंबर झिजते, आणि हृदयाला मात्र पुरेसा दम लागत नाही. म्हणून त्यांचा व्यायाम उलट दिशेचा: संध्याकाळी दहा मिनिटं. पालथं झोपून छाती उचलणं, उताणं झोपून गुडघे वाकवून कंबर वर उचलणं, भिंतीला पाठ लावून अर्धं बसणं. प्रत्येकी ८ ते १० वेळा, दोनदा. कामाच्या मध्ये दर तासाला सरळ उभं राहून दोन्ही हात कमरेवर ठेवून मागे पाच वेळा वाकणंसुद्धा उपयोगाचं.

खरा धोका उलंगवाडीनंतर, म्हणजे कापसाची शेवटची वेचणी झाल्यावर. फेब्रुवारी-मार्चपासून मृगापर्यंत हात रिकामे, जेवण तेवढंच. या तीन-चार महिन्यांत रोज अर्धा तास चालणं राबणाऱ्या माणसालाही लागतं.

साखर असलेले. चालताना स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनची फारशी वाट न बघता ओढून घेतात, आणि हा परिणाम साधारण एक-दोन दिवस टिकतो. म्हणून सलग दोन दिवस खाडा नको. सकाळी एकदम अर्धा-पाऊण तास चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर १०-१५ मिनिटं चाललेलं जेवणानंतरची साखर जास्त खाली ठेवतं. घरून वावरापर्यंतची चाल जेवणानंतर करता आली तर उत्तम.

सावध: इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याने उपाशीपोटी जोराचा व्यायाम करू नये. साखर १०० च्या खाली असेल तर आधी थोडं खा. खिशात साखर ठेवा. हात थरथरले, दरदरून घाम आला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घ्या आणि १५ मिनिटं बसा. साखर २५० च्या वर असून मळमळ, उलटी, पोटदुखी असेल तर व्यायाम नाही, दवाखाना. अनवाणी चालू नका, आणि रोज रात्री तळपाय बघा. बधिर पायाला काटा रुतलेला कळत नाही.

रक्तदाबवाले. नियमित चालण्याने वरचा आकडा सरासरी ५ ते ८ ने उतरतो. गोळीला ही जोड आहे, बदली नाही. वजन उचलताना श्वास कोंडू नका, उचलताना सोडा. एटेनोलॉल, मेटोप्रोलॉलसारख्या गोळीने नाडी फारशी वाढत नाही, त्यामुळे घड्याळातल्या नाडीवर विसंबू नका, बोलण्याची परीक्षा वापरा.

साठीच्या पुढचे. नुसतं चालणं पुरत नाही. खुर्चीतून उठ-बस दिवसाआड १० वेळा, दोनदा-तीनदा. आणि तोल: भिंतीला हात लावून एका पायावर १० सेकंद, आठवड्यातून तीन दिवस तरी. सत्तरीतही स्नायूंची ताकद वाढते. आजीला 'आता या वयात कायले' म्हणणारे बहुतेक तिची मुलंच असतात, त्यांनी थांबावं.

सगळ्यांसाठी सावध: छातीवर ओझं ठेवल्यासारखं वाटणं, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात जाणं, चक्कर, थांबल्यावरही न उतरणारी धाप. यापैकी काहीही झालं तर 'गॅस असेल' म्हणून घरी जाऊ नका.

६. बारा आठवड्यांनी पुन्हा मोजा

दुसऱ्या टप्प्यातलं सगळं तसंच, त्याच मैदानावर, त्याच वेळी मोजा. इथे काहींची निराशा होते. सोबत्याची वेळ वीस सेकंदांनी उतरली, आपली तीन. हे तुमच्या मेहनतीवरच अवलंबून नसतं. अमेरिका आणि कॅनडात झालेल्या हेरिटेज नावाच्या अभ्यासात बैठ्या माणसांना २० आठवडे सारखाच सराव दिला. प्राणवायू वापरण्याची क्षमता सरासरी मिनिटाला ४०० मिलिलिटरने वाढली, पण काहींची जवळपास काहीच नाही, आणि काहींची एक लिटरपर्यंत. एकाच घरातली माणसं एकमेकांसारखी वागली, म्हणजे यात रक्ताच्या नात्याचा वाटा मोठा आहे.

तरी वही नीट वाचा. वेळ उतरली नसेल, पण सकाळची नाडी ८० वरून ७२ वर आली असेल, कंबर कमी झाली असेल, साखर उतरली असेल. एक फायदा दिसत नाही म्हणून दुसरे झाले नाहीत असं नसतं. खरोखर काहीच हललं नसेल तर या क्रमाने बघा: हिमोग्लोबिन, झोप, जेवण, मग आठवड्यातले दिवस. चार दिवसांचे पाच करा. त्यानंतरच वेग वाढवा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि चार आठवडे थांबा. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते वही सांगू शकणार नाही.

७. खंड पडला तर

सोयाबीन सोंगणीला, लग्नसराईला, तापाला खंड पडतोच. दोन-तीन आठवडे काहीच केलं नाही की दम उतरायला लागतो. पूर्ण बंद करण्यापेक्षा आठवड्यातून दोन दिवस, कमी वेळ पण नेहमीच्या वेगात, एवढं ठेवलं तर बरंचसं टिकतं.

ताप उतरल्यावर निदान दोन-तीन दिवस फक्त चाला. डेंग्यू किंवा मलेरिया झाला असेल तर डॉक्टरांना विचारून सुरू करा, हिमोग्लोबिन पुन्हा तपासा. खंड दोन आठवड्यांचा असेल तर निम्म्या अंतराने सुरू करा. महिन्यापेक्षा मोठा असेल तर टप्पा चारवर परत जा. वहीत खंडाची तारीख आणि कारण लिहा. पुढच्या वर्षी त्याच हंगामात ती तारीख आधीच दिसेल, आणि सराव त्याप्रमाणे आधीच कमी करता येईल.